कीर्ती कोणी सांगावी?

(द्वितीय वर्ष, कला)

समर्थ रामदासांनी दासबोधात मूर्खांची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्या तोंडाने स्वतःची स्तुती करणाऱ्याचीही गणना केली आहे. उलट आपल्याकडे एक म्हण सर्रास ऐकू येते, ‘बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही.’ ही दोन्ही वचने आपल्याच लोकांच्या अनुभवातून आलेली आहेत. एक खरे मानावे तर दुसरे खोटे ठरते. मग ज्याच्याजवळ खरोखरच काही गुण आहे, अशा माणसाने करावे तरी काय? गप्प बसावे की बोलावे? बोलावे तर किती, आणि कोणाजवळ?

प्रस्तुत लेखात हा प्रश्न मी संगीताच्या क्षेत्रापुरता मर्यादित ठेवला आहे. त्याला कारण आहे. चित्रकाराचे चित्र भिंतीवर राहते, लेखकाचे पुस्तक कपाटात राहते. गाणे मात्र गाऊन झाले की हवेत विरते. ध्वनिमुद्रणाची सोय येण्यापूर्वी तर गायकाची सारी पुंजी ऐकणाऱ्याच्या स्मरणात आणि त्याच्या तोंडीच असे. म्हणूनच गायक-वादकाची कीर्ती कोण सांगतो, हा प्रश्न या क्षेत्रात जितका स्पष्ट दिसतो तितका इतरत्र क्वचितच दिसत असेल.

प्रसिद्धी आणि कीर्ती

आपण हे दोन शब्द एकाच अर्थाने वापरतो. पण त्यांत फरक केला पाहिजे, असे मला वाटते. किती लोकांना नाव ठाऊक आहे, ही झाली प्रसिद्धी. आपण समोर नसताना जाणकार आपल्याविषयी काय बोलतात, ती कीर्ती. प्रसिद्धी पैसे देऊन मिळू शकते. चौकात मोठा फलक लावला की चार दिवसांत गावाला नाव पाठ होते. कीर्तीचे तसे नाही. ती दुसऱ्याच्या जिभेवर असते आणि दुसऱ्याची जीभ आपल्या ताब्यात नसते.

आता हे जाणकार म्हणजे कोण? मराठीत त्यांना ‘दर्दी’ असा सुंदर शब्द आहे. ज्याला गाण्याचे दुखणे जडले आहे, तो दर्दी. तो स्वतः गातोच असे नाही. पुष्कळदा तो कारकून असतो, मास्तर असतो, दुकानदार असतो. पण समेवर त्याची मान आपोआप हलते, आणि सूर तसूभर ढळला तर त्याच्या कपाळाला आठी पडते. मैफलीत पुढे बसणारे पाच-दहा दर्दी आणि मागे बसलेले पाचशे श्रोते, यांत कलावंताची नजर वारंवार त्या पाच-दहांकडेच जाते, कारण पाचशेंच्या टाळ्या घरी जाताना विसरल्या जातात आणि दर्दी माणसाचा एक ‘वा!’ गावोगाव पोहोचतो.

शहरातल्या मैफलीच कशाला, आपल्या सोनईच्या पंचक्रोशीतील हरिनाम सप्ताहातही असे दर्दी भेटतात. माझे आजोबा त्यांतलेच. ते शाळेची पायरी कधी चढले नव्हते. पण उभ्या आयुष्यात त्यांनी सप्ताहात मृदंग वाजविला. शाईच्या बाजूला बोट फिरवून आणि धुमेला कणीक लावता लावताच ते वाद्याचा स्वभाव ओळखीत. एका वर्षी बाहेरगावाहून एक तरुण मृदंगवादक बोलाविले होते. त्यांचा रंगीत फलक त्यांच्या आधी आठ दिवस गावात येऊन उभा राहिला होता आणि त्यावर नावामागे तीन बिरुदे होती. कीर्तनकारांनी संथ चालीत अभंग धरला, तेव्हा या गृहस्थांनी शब्दाशब्दांमधली प्रत्येक मोकळी जागा बोलांनी भरून काढली. तरुण मंडळींनी टाळ्या पिटल्या. जुने टाळकरी काहीच बोलले नाहीत. पुढल्या वर्षी मृदंगाला कोणाला सांगावे याची चर्चा निघाली, तेव्हा एकाने तेवढेच विचारले, ‘अभंगाला जागा देणारा कोणी आहे का?’ त्या एका प्रश्नात सारा निकाल आला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येते. फलकामुळे त्या वादकाचे नाव वाढले, परंतु त्याच फलकामुळे त्यांची परीक्षाही कडक झाली. फलक नसता तर जुन्या मंडळींनी ‘पोरगा तयार आहे, वयाने शहाणा होईल’ असे म्हणून सोडून दिले असते. स्वतःची किंमत स्वतः सांगितली की ऐकणारा रसिक राहत नाही, तो सराफ होतो. कस लावून पाहतो. शिवाय चांगला कलावंत आपण होऊन शोधून काढण्यात दर्दी माणसाला जो आनंद असतो, तोही त्याच्या हातून हिरावला जातो. ‘सोनारानेच कान टोचावे’ असे आपण म्हणतो, ते स्तुतीच्या बाबतीतही खरे आहे.

न सांगता पसरलेली कीर्ती

जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक उस्ताद अल्लादियाखाँ (१८५५–१९४६) हे कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारी होते आणि पुढे मुंबईत राहिले. त्यांच्या काळात ध्वनिमुद्रिकांचे युग सुरू झाले होते. अनेक गायकांचे आवाज तबकड्यांवर घरोघर पोहोचले होते. खाँसाहेबांचे गाणे मात्र आज आपल्याला ऐकायला मिळत नाही. तरीही त्यांचे नाव निघाले की गवई मंडळी कानाच्या पाळीला हात लावतात. हे कसे घडले? त्यांची जाहिरात त्यांच्या शिष्यांच्या गळ्याने केली. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर ही नावेच पुरेशी बोलकी आहेत.

यांपैकी भास्करबुवांचे (१८६९–१९२२) उदाहरणही असेच आहे. त्यांचाही आवाज आज ऐकायला मिळत नाही. पुण्यातील भारत गायन समाज ही संस्था आणि बालगंधर्व, मास्टर कृष्णराव यांच्यासारखे शिष्य हे त्यांचे स्मारक. ‘देवगंधर्व’ हे नाव लोकांनी त्यांना प्रेमाने दिले. त्यांचे गाणे न ऐकलेली आजची पिढीही ते नाव आदराने घेते.

गवयांनी गुरूचे नाव घेताना कानाची पाळी धरण्याची ही जी रीत आहे, तिच्यात आपल्या विषयाचे मर्म आहे. ‘माझ्याजवळ जे आहे ते दुसऱ्याने दिलेले आहे’ असे त्या कृतीने तो सांगत असतो. उलट आत्मस्तुती करणारा माणूस नकळत गुरूचे देणे बुडवीत असतो. दर्दी श्रोत्याला हे फार खटकते, कारण त्याने गुरूचेही गाणे ऐकलेले असते.

स्वाभिमान वेगळा, आत्मस्तुती वेगळी

येथे एक गैरसमज होण्याची शक्यता आहे. स्वतःची जाहिरात न करणे म्हणजे मान खाली घालून वावरणे, असा अर्थ कोणी काढील. तो बरोबर नाही, हे केसरबाई केरकरांच्या चरित्रावरून दिसते.

केसरबाईंचा जन्म १८९२ साली गोव्यातील फोंडा तालुक्यातल्या केरी या गावी एका कलावंत कुटुंबात झाला. ज्या समाजात त्या जन्मल्या, त्या समाजातील स्त्रीच्या गाण्याला दाद मिळे, पण मान मिळत नसे. अब्दुल करीमखाँ, रामकृष्णबुवा वझे, भास्करबुवा अशा गुरूंकडे थोडे थोडे शिकून अखेर १९२१ पासून त्यांना अल्लादियाखाँसाहेबांची दीर्घ तालीम मिळाली. त्यांच्या करारी स्वभावाच्या अनेक कथा जुने लोक सांगतात. मैफल कोठे करावी, कोणापुढे करावी, कोणत्या अटींवर करावी, हे त्या स्वतः ठरवीत. ध्वनिमुद्रिकाही त्यांनी मोजक्याच दिल्या. हा अभिमान होता, आणि तो चांगला कडक होता. परंतु ‘मी श्रेष्ठ आहे’ असे फलकावर लिहिण्याची गरज त्यांना पडली नाही. ‘सुरश्री’ ही पदवी कोलकात्याच्या संगीतप्रेमी मंडळींनी दिली. १९५३ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६९ साली पद्मभूषण मिळाले.

पण याहून मोठी गोष्ट पुढेच आहे. १९७७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अंतराळात सोडली. त्या यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली एक तबकडी आहे आणि तिच्यात पृथ्वीवरील निवडक संगीत साठविले आहे. भारताच्या वतीने त्यात एकच गाणे आहे, केसरबाईंची सुमारे साडेतीन मिनिटांची भैरवी. ही निवड व्हावी म्हणून केसरबाईंनी कोणाला पत्र लिहिले नव्हते. रॉबर्ट ब्राउन या अमेरिकन संगीत-अभ्यासकाने ते गाणे सुचविले. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबरला निघाले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी केसरबाई वारल्या. ते यान आता सूर्यमालेच्या वेशीबाहेर गेले आहे. जाहिरात म्हणावी तर माणसाच्या इतिहासात इतक्या लांबवर कोणाची गेली असेल? आणि ती सर्वस्वी एका जाणकार श्रोत्याने केलेली आहे.

स्वाभिमानी माणूस स्वतःची किंमत जाणतो आणि आत्मस्तुती करणारा ती इतरांकडून वदवून घेऊ पाहतो, असा या दोहोंतील भेद मला दिसतो. पहिल्याला श्रोत्याची भीती नसते, दुसऱ्याला ती सारखी असते.

मौनाचीही एक बाजू

मुंबईत राहणाऱ्या अन्नपूर्णादेवी (१९२७–२०१८) यांचे उदाहरण तर याही पुढचे आहे. मैहरच्या बाबा अल्लाउद्दीनखाँ यांच्या त्या कन्या. सूरबहारवर त्यांचा असामान्य अधिकार होता. १९५० नंतरच्या दशकातच त्यांनी जाहीर मैफली सोडून दिल्या आणि उरलेले आयुष्य साधनेत आणि शिष्यांना शिकविण्यात घालविले. हरिप्रसाद चौरसिया, निखिल बॅनर्जी यांच्यासारखे थोर वादक त्यांच्यापाशी शिकले. त्यांच्या वादनाचे जे थोडे ध्वनिमुद्रण आहे, तेवढ्यावरच नव्या पिढीला समाधान मानावे लागते. तरी १९७७ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. जिने वाजविणे बंद केले तिचे नाव दर्दी मंडळींत वाढतच गेले.

मात्र हे उदाहरण डोळे झाकून आदर्श म्हणून घेता येईल, असे मला वाटत नाही. एक तर मौनामुळे श्रोत्यांचे नुकसान झाले. कितीतरी लोकांना ते सूर मिळालेच नाहीत. दुसरे असे की मौन तेव्हाच ऐकू येते, जेव्हा आधी कोणीतरी आपले नाव जाणत असते. अन्नपूर्णादेवी मोठ्या गुरूच्या कन्या होत्या, आणि त्यांच्या वतीने बोलणारे थोर शिष्य होते. ज्याला ना घराणे, ना गुरू, ना शिष्य, अशा माणसाचे मौन कोणाच्या कानावर जाणार?

धारवाडच्या मल्लिकार्जुन मन्सूरांची (१९१०–१९९२) कथा या दोन टोकांच्या मधली आहे. ते आयुष्यभर गातच होते, पण देशभर त्यांचा बोलबाला झाला तो उतारवयात. जाणकारांनी त्यांना आधीच ओळखले होते. बाकीच्यांना पोहोचायला वेळ लागला. मरणाच्या वर्षी, १९९२ साली, त्यांना पद्मविभूषण मिळाले. इतकी वर्षे थांबणे सर्वांनाच परवडणार आहे का, हा प्रश्न तरीही उरतोच.

कलेची जाहिरात करणारा गवई

आतापर्यंतच्या विवेचनावरून कोणी म्हणेल की जाहिरात ही मुळातच वाईट. पण मग पंडित विष्णू दिगंबर पलुसकरांना काय म्हणायचे?

विष्णुबुवा १८७२ साली कुरुंदवाडला जन्मले आणि मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. लहानपणी फटाक्याने त्यांच्या डोळ्यांना इजा झाली होती. १८९६ साली ते मिरज सोडून बाहेर पडले. त्या काळी गाणे राजवाड्यात किंवा देवळात होत असे. विष्णुबुवांनी सौराष्ट्रात अल्प दर ठेवून सर्वसामान्य लोकांसाठी जाहीर गायन केले. ५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, १९०८ साली मुंबईला शाखा उघडली. त्यांनी पुस्तके छापली, स्वरलिपी तयार केली, काँग्रेसच्या अधिवेशनांत गायन केले. आजच्या भाषेत ज्याला आपण प्रचार म्हणतो, तो त्यांनी उभ्या देशात केला.

पण तो प्रचार कशाचा होता? ‘गवई हा मान देण्याजोगा माणूस आहे आणि गाणे ही कोणाच्याही मुलाला शिकता येईल अशी विद्या आहे,’ एवढेच ते सांगत फिरले. त्या पायी कर्ज झाले आणि मुंबईची वास्तू हातची गेली. १९३१ साली ते वारले, आणि त्याच वर्षी त्यांच्या शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज खेड्यातली एखादी मुलगी पेटी घेऊन बसते आणि प्रारंभिक, प्रवेशिका अशा परीक्षा देते, तेव्हा ती विष्णुबुवांच्या जाहिरातीचेच फळ खात असते. या साऱ्याची किंमतही त्यांना द्यावी लागली. आज त्यांच्या कार्याची जेवढी चर्चा होते, तेवढी त्यांच्या गायनाची होत नाही. ओमकारनाथ ठाकूर, विनायकराव पटवर्धन, नारायणराव व्यास हे त्यांचे शिष्य गायक म्हणून गाजले. गुरू मात्र प्रामुख्याने ‘संस्थापक’ म्हणून लोकांच्या लक्षात राहिले.

असेच दुसरे उदाहरण पंडित भीमसेन जोशींचे. त्यांच्याइतकी प्रसिद्धी फार थोड्या गायकांना मिळाली. २००८ साली त्यांना भारतरत्न जाहीर झाले. परंतु १९५३ साली पुण्यात त्यांनी जो संगीत महोत्सव सुरू केला, त्याला नाव दिले ते गुरूचे, सवाई गंधर्वांचे. त्या मंचावर इतर घराण्यांचे गवई, नवे-जुने वादक सारे येऊ लागले. हजारो लोकांच्या या मेळ्यात दर्दी मंडळीही मनापासून बसत आली आहेत. तेव्हा लोकप्रियता आणि जाणकारांचा आदर यांत वैर असलेच पाहिजे असे नाही, हे यावरून सिद्ध होते.

या बाबतीत आपल्याच नेवासे तालुक्यातील एक दाखला मला फार महत्त्वाचा वाटतो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरांनी नेवाशास ज्ञानेश्वरी सांगितली. मराठी भाषेविषयी बोलताना ते जराही संकोच करीत नाहीत. ती अमृतालाही पैजेवर जिंकील, अशी त्यांची प्रतिज्ञा आहे. आणि स्वतःविषयी बोलताना तेच ज्ञानेश्वर श्रोत्यांपुढे लेकरासारखे लीन होतात व सारे श्रेय निवृत्तिनाथांना देतात. आपल्या विद्येविषयी छाती काढून बोलावे आणि आपल्याविषयी हात जोडून, असा धडा सातशे वर्षांपूर्वी आपल्या शेजारीच घालून दिलेला आहे.

स्पेनमधील दर्दी

हा प्रश्न केवळ आपल्याकडचा आहे, असेही नाही. स्पेन देशाच्या दक्षिणेला अंदालुसिया प्रांतात फ्लामेंको नावाचे संगीत आहे. त्यात गाणे, नाच आणि गिटार ही तिन्ही अंगे एकमेकांत गुंफलेली असतात. तिकडेही आपल्या दर्दींसारखा एक वर्ग आहे. त्याला ते लोक ‘आफिसिओनादो’ म्हणतात. त्यांची पहिली कसोटी लयीची. त्यांच्या तालचक्राला ‘कोम्पास’ असे नाव असून सोलेआसारख्या प्रकारांत ते बारा मात्रांचे असते. ठरावीक मात्रांवर आघात पडलाच पाहिजे. आपल्याकडे सम चुकली की जसे सारे संपते, तसेच तिकडे कोम्पास सुटला की संपते.

‘मानितास दे प्लाता’ या नावाने ओळखले जाणारे एक गिटारवादक (१९२१–२०१४) दक्षिण फ्रान्समध्ये होऊन गेले. त्यांच्या नावाचा अर्थच ‘चांदीचे चिमुकले हात’ असा आहे. १९६५ साली त्यांनी न्यूयॉर्कच्या प्रख्यात कार्नेगी हॉलमध्ये वादन केले; त्यांच्या तबकड्या जगभर प्रचंड खपल्या; चित्रकार आणि नटनट्यांच्या वर्तुळात त्यांचे कौतुक झाले. लाखो लोकांना त्यांच्या वादनाने आनंद दिला, हे नाकारता येणार नाही. परंतु फ्लामेंकोचे जाणकार मात्र ‘हे कोम्पास पाळीत नाहीत’ असा आक्षेप घेत राहिले. एवढी मोठी प्रसिद्धीही त्यांना तो आक्षेप विसरायला लावू शकली नाही.

त्याच काळात पाको दे लुसिया (१९४७–२०१४) हे दुसरे वादक पुढे आले. त्यांचे मूळ नाव फ्रान्सिस्को सांचेझ गोमेझ. गल्लीत पाको नावाची पुष्कळ मुले. म्हणून ‘लुसियाचा पाको’ असे आईच्या नावाने त्यांना ओळखीत, आणि तेच नाव पुढे जगभर गेले. १९७३ साली त्यांची एक गिटाररचना सर्वसामान्य लोकांत अतिशय गाजली. पुढे त्यांनी इतर देशांच्या वादकांबरोबरही वाजविले. जुन्या वळणाच्या रसिकांनी कुरकुर केली, वाद घातले. पण वाद होते ते त्यांनी धरलेल्या नव्या वाटेविषयी. हाताच्या तयारीविषयी नव्हते. प्रसिद्धी दोघांनाही मिळाली. दर्दींनी दोघांचा निवाडा मात्र वाद्यावरूनच केला, नावाच्या आवाजावरून केला नाही.

ज्याच्या वतीने बोलणारा कोणी नाही त्याने काय करावे?

येथवर सारे ठीक आहे. परंतु या विषयाचा विचार करताना मला एक प्रश्न सारखा टोचत राहिला, आणि तो माझ्याही जगण्याचा आहे.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशानंतर एका शिष्यवृत्तीच्या अर्जात ‘आपले विशेष गुण लिहा’ असा रकाना होता. मी आईला विचारले. उसाच्या फडावरून आलेली ती माझी आई म्हणाली, ‘आपलं आपण काय सांगायचं, पोरी? लोकं सांगतील.’ दुसऱ्या दिवशी मी सरांना तेच सांगितले. सर हसून म्हणाले, ‘लोकांना तू आधी ठाऊक तर व्हायला हवीस ना?’

मला दोघांचेही पटले आणि म्हणूनच मी अडले. विनय ही मोठी गोष्ट खरी. पण ज्याच्या मागे घराणे आहे, ओळखीचे लोक आहेत, शिफारसपत्र देणारे काका-मामा आहेत, त्याला विनय स्वस्त पडतो. त्याच्या वतीने दुसरे बोलतात आणि तो मान खाली घालून मंद हसतो. ज्याच्या वतीने बोलणारे कोणीच नाही, त्याने ‘कीर्ती आपोआप पसरते’ यावर विसंबून राहावे, असे सांगणे हा अन्याय आहे. माझ्या आजोबांनी आयुष्यभर मृदंग वाजविला. पंचक्रोशीतले टाळकरी त्यांना मानीत. आता त्यांच्याबरोबरचे टाळकरीही एकेक करून गेले, आणि आजोबांचे नाव कोठेही लिहिलेले नाही. त्यांच्या हाताची थाप कोणी साठवून ठेवली नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर बसून सनई-संबळ वाजविणारे कितीतरी वादक असेच गेले असतील. तेव्हा ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ हे जितके खरे, तितकेच हेही खरे की खोल पाणी कोणी पाहिलेच नाही तर ते आहे हेही कोणाला कळत नाही.

यातून वाट कशी काढावी? मला सुचलेले उत्तर असे : माहिती सांगावी, मोल सांगू नये. मी कोण, कोणाकडे शिकले, किती वर्षे शिकले, काय वाजविते, कोठे आणि केव्हा वाजविणार आहे, हे सांगणे म्हणजे आत्मस्तुती नव्हे. ते दार उघडून ‘या’ म्हणण्यासारखे आहे. परंतु ‘सुप्रसिद्ध’, ‘सम्राट’, ‘अद्वितीय’ हे निकालाचे शब्द आहेत, आणि निकाल देण्याचा अधिकार ऐकणाऱ्याचा आहे. पंडित किंवा उस्ताद म्हणायचे ते लोकांनी. कलावंताने स्वतःच ते नावामागे छापले की श्रोत्याचे काम त्याने आपल्या हाती घेतले, असे होते. आणि मग दर्दी श्रोता रुसतो.

त्या अर्जात मी शेवटी एवढेच लिहिले की चार वर्षे सप्ताहात टाळ धरला आहे, पन्नासहून अधिक अभंग चालीसह पाठ आहेत आणि आजोबांकडून ठेका ओळखायला शिकले आहे. ‘उत्तम गायिका’ असे लिहिले नाही आणि ‘विशेष काही नाही’ असेही लिहिले नाही. दोन्ही खोटे झाले असते.

श्रोत्याचे कर्तव्य

या साऱ्या विवेचनाचा निष्कर्ष काढायचा तर आत्मस्तुतीने दर्दी मंडळींत कलावंताची कीर्ती घटते, कारण ती श्रोत्याचा अधिकार आणि आनंद हिरावून घेते, गुरूचे ऋण झाकते आणि कसोटी विनाकारण कडक करते. परंतु कलेसाठी, गुरूसाठी, बरोबरीच्या कलावंतांसाठी केलेल्या प्रचाराने ती घटत नाही. विष्णुबुवा आणि भीमसेनजी याला साक्षी आहेत. आणि मुकाट राहण्यानेही ती आपोआप वाढत नाही.

म्हणून जबाबदारी एकट्या कलावंतावर टाकून चालणार नाही. त्याने स्वतःविषयी बोलू नये असे आपण म्हणतो, तर मग त्याच्याविषयी बोलण्याचे काम आपल्यावर येते. रॉबर्ट ब्राउन यांनी केसरबाईंचे गाणे सुचविले नसते, तर ते त्या यानावर गेले नसते. दर्दी माणसाने नुसती मान हलवून घरी जाणे पुरेसे नाही. त्याने चार लोकांना सांगितले पाहिजे, जमल्यास लिहून ठेवले पाहिजे.

आपण महाविद्यालयीन विद्यार्थी, विशेषतः ज्यांच्या घरात लेखणी पहिल्यांदाच आली आहे असे विद्यार्थी, हे काम सहज करू शकतो. आपल्या प्रत्येकाच्या गावात एखादा मृदंगवाला, एखादा सनईवाला, एखादी जात्यावरच्या ओव्या म्हणणारी आजी आहे. त्यांना स्वतःची जाहिरात करता येत नाही आणि त्यांनी ती करावी असे आपल्यालाही वाटत नाही. तर मग या सुट्टीत गावी गेल्यावर त्यांच्यापाशी बसावे, त्यांच्या गुरूचे नाव विचारावे, चाल ऐकून घ्यावी, हातातल्या मोबाइलवर ती साठवावी आणि तारीख घालून वहीत टिपून ठेवावे. मीही माझ्या वहीच्या पहिल्या पानावर आजोबांचे नाव, त्यांच्या गुरूंचे गाव आणि त्यांच्याबरोबर टाळ धरणाऱ्या सात जणांची नावे लिहिली आहेत. आठवे नाव अजून कोणाला आठवत नाही. त्याचा शोध चालू आहे.